पाण्याला वाकळ

नीलाक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी थेट स्वयंपाकघरात जायची, गॅसवर किंवा स्टोव्हवर जे काही उघडं शिजत असेल त्यावर झाकण ठेवायची आणि मगच "काय चाललंय?" म्हणून विचारायची. झाकण सापडलं नाही तर ताट, ताट नसलं तर परात. एकदा आमच्याकडं तिनं दुधावरच परात ठेवली आणि सगळं दूध उतू गेलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, चांगलीच तडकली. अक्का म्हणाली, "व्हय की गं, दूध सोडून झाकायचं असतंय. ध्येनातच न्हाई राहिलं." मग स्वतःच फडकं घेऊन तिनं कट्टा पुसून काढला आणि घरी जाऊन तांब्याभर दूध आणून दिलं.

गल्लीतली पोरं तिला माघारी 'झाकणअक्का' म्हणत. ते नाव मी ठेवलं होतं. तिच्या कानावर ते गेलं असावं, कारण एकदा माझ्यासमोरच ती हसत म्हणाली होती, "झाकणबिकण काय लागलं तर सांग रे तम्मा." तिचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून. घरात कानडी, दारात मराठी. धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात, आणि गल्लीतला तिच्याहून लहान असलेला प्रत्येक पुरुष तिचा तम्मा होता. पण बाकीच्यांना ती नुसती हाक मारायला तम्मा म्हणायची आणि मला खरोखरचा भाऊ मानून म्हणायची, असं मला उगीचच वाटायचं. माझी आणि तिची भिंत एक होती म्हणून असेल.

नवरा गुळाच्या बाजारात अडत्या होता. तो लवकर गेला. एकुलती मुलगी निपाणीला दिलेली. अक्का एकटीच राहायची, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगावर इरकली लुगडं आणि हिवाळा आला की त्यावर नवऱ्याचा जुना खाकी स्वेटर. त्या स्वेटरचे कोपर तिनं लाल लोकरीनं रफू केले होते, कारण खाकी लोकर मिळाली नाही.

कोल्हापूरची थंडी बाहेरच्या माणसाला थंडी वाटायची नाही. पण रंकाळ्याच्या अंगाला राहणाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत सकाळी आंघोळीचं पाणी म्हणजे घरातलं पहिलं भांडण असतं. नव्वदीच्या दशकात गॅसचा नंबर लागायला दिवस जायचे, रॉकेलला रांग लागायची, आणि बाथरूममध्ये बादलीत विजेचा हीटर सोडला की शेजारच्या खोलीतला दिवा डोळे मिटायचा. ज्यांच्याकडं तांब्याचा बंब होता ते शेणी म्हणजे गोवऱ्या, करवंट्या, मक्याची बुरकुंडं, जे हाताला लागेल ते त्यात घालत. सकाळी सातला आमच्या गल्लीत धुरामुळं समोरचं घर दिसत नसे.

अक्काच्या परसातून मात्र धूर येत नसे. तिचा बंब होता, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला, पण तो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आणि जावई आला तरच पेटायचा. एरवी तिचं पाणी गच्चीवर तापायचं. तेलाचे दोन पत्र्याचे डबे तिनं बाहेरून काजळी फासून काळेभोर केले होते. सकाळी ऊन आलं की डबे उन्हात, वर खिडकीची फुटकी काच. चार वाजता, ऊन उतरायच्या आत, ते डबे सॉमिलमधून आणलेल्या भुशानं भरलेल्या लाकडी खोक्यात बसवायचे, वर घोंगडं आणि घोंगड्यावर वाकळ. ती वाकळ ती चारी बाजूंनी अशी खोचायची की जसं आत कुणी आजारी माणूस झोपलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाण्याला वाफ नसायची, पण हात घातला की बोटं सुखावायची.

"कडकडीत कशाला पायजे?" ती म्हणायची. "कोंबडी सोलायची हाय व्हय तुला?"

भातही तसाच. एक उकळी आली की पातेलं गॅसवरून खाली, भुशाच्या टोपलीत, वर उशी. दुपारी उशी काढली की भात मोकळा. तिचं एकच म्हणणं असायचं, "आधी झाकायचं, मग जाळायचं. तुमी समदी उलटं करताय." आमच्या बायकांनी तिला हसत हसत तिचंच सगळं उचललं. आमच्या घरात सिलिंडर आधीपेक्षा बरेच दिवस जास्त पुरायला लागला तेव्हा सुनंदानं त्याचं श्रेय तिला दिलं, मी नव्या शेगडीला दिलं.

ते तसंच चाललं असतं. पण मी गीझर घेतला.

गीझर घेणं ही त्या वेळी गल्लीत सांगायची गोष्ट होती. मी ती सांगितली. गीझर न्हाणीत आणि त्याची नळी घराबाहेरून, गल्लीच्या बाजूनं भिंतीवरून फिरवून स्वयंपाकघरात नेलेली. सुनंदाला भांड्यांना गरम पाणी मिळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर अक्का स्टुलावर उभी राहून त्या नळीवर हात फिरवत होती.

"तम्मा, भिंतीला ऊब देतोयस की रे," ती म्हणाली. "वीज जाळायची आणि रस्ता तापवायचा?"

दोन दिवसांनी त्या सगळ्या नळीला तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून वर सुतळी आवळली होती. हिरव्या, जांभळ्या, काठाच्या. काम नेटकं होतं आणि पाणीही स्वयंपाकघरात खरंच जास्त गरम यायला लागलं. पण त्या रविवारी सुनंदाच्या माहेरची माणसं पुण्याहून यायची होती. माझ्या नव्या गीझरच्या नळीला चिंध्या गुंडाळलेल्या त्यांना दिसणार, याची मला आधीच लाज वाटायला लागली. पाहुणे यायच्या आधी मी कात्रीनं सुतळी कापली आणि चिंध्यांचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. डबा दारातच होता आणि त्याला झाकण नव्हतं. अक्का संध्याकाळी तिथूनच गेली. तिनं डब्यात बघितलं, चिंध्या उचलल्या, झटकल्या आणि घरी नेल्या.  मी खिडकीतून हे बघत होतो आणि मागं सरलो.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी की मी तिच्या बाबतीत एकदाच चुकलो, असं कुणाला वाटू नये.

पुढच्या एका पावसाळ्यात माझे वडील गेले. आमच्याकडं कोल्हापुरात दहन शेणींवर होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी पाऊस धरून होता. आम्हीच गोळा करून हातगाड्यावरून नेलेल्या शेणी, वरची ताडपत्री फाटलेली. सगळ्या ओल्या झाल्या होत्या. अग्नी दिला तर नुसता धूर. तीनदा रॉकेल ओतावं लागलं. माणसं चुळबुळ करायला लागली, कुणी घड्याळ बघायला लागलं आणि मी तिथं वडिलांपुढं हात बांधून उभा होतो. घरी आल्यावर मी ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. अक्का रोज तेराव्यापर्यंत यायची, उंबऱ्याजवळ बसायची, आणि तिनं ते माझ्या तोंडून निदान दहा वेळा ऐकलं असेल.

त्या सुमारास होळी लहान करायची आणि उरलेल्या शेणी स्मशानाला द्यायच्या, अशी चांगली चाल गावात पडायला लागली होती. मी गल्लीतल्या तरुण मंडळाचा सेक्रेटरी होतो. मी ते काम अंगावर घेतलं. खरं तर वडिलांसाठीच घेतलं. नवीन वर्ष लागल्यापासूनच घरोघर फिरून शेणी जमवल्या, पोत्यांवर मंडळाची तांबडी खूण मारली. कोरडी जागा कुठली? अक्काच्या परसातली पत्र्याची शेड. मी विचारायच्या आधीच तिनं ती झाडून ठेवली होती.

एका सकाळी, नऊ-साडेनऊ वाजले असतील, मी गच्चीवर दाढी करत होतो. खाली अक्काच्या शेडमध्ये आमच्या तांबड्या खुणेचं पोतं उघडं होतं. ती त्यातून शेणी काढून घमेल्यात भरत होती. घमेलं भरलं की घेऊन न्हाणीच्या मागं जायची. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिच्या न्हाणीच्या झरोक्यातून पांढरं काहीतरी बाहेर येताना दिसलं आणि मी हिशोब जुळवून टाकला.

सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "विचारून या की. भिंतीपलीकडंच तर आहे."

मी गेलो नाही. का गेलो नाही, याचं उत्तर मी पुष्कळ वेळा स्वतःला वेगवेगळं दिलंय. खरं उत्तर असं की मला ते आवडलं होतं. वर्षानुवर्षं जी बाई आम्हाला जाळ कसा वाचवायचा ते शिकवत होती, तीच चोरून जाळत्येय, हे कळल्याचं सुख मी दोन महिने खिशात घालून हिंडलो. रोज भेटलो, रोज बोललो, एकदा तिच्याकडं चहासुद्धा घेतला.

होळीच्या सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीत आली. सगळी गल्ली रस्त्यावर. पोरं शेडमधून पोती आणत होती. पोत्यांची तोंडं अक्कानं स्वतः सुतळीनं शिवली होती. ती दारात उभी होती, खाकी स्वेटर घालून, हातात राहिलेली सुतळी.

मी मोठ्यानं म्हणालो, "आधी उघडून बघा रे पोती. किती उरलंय ते तरी कळू दे. अक्काचा बंब दोन महिने ह्याच्यावरच तापलाय."

पोरं थांबली. अक्काला आधी कळलंच नाही. "काय म्हणलास, तम्मा?"

"मी गच्चीवरनं बघितलंय, अक्का. रोज घमेलं भरून नेत होता तुम्ही." मी तिला नेहमी अगं-तुगं करायचो, त्या दिवशी तुम्ही म्हणालो. "मेलेल्या माणसाच्या वाटणीच्या शेणीवर आंघोळ करायची म्हणजे कमाल आहे." आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणालो, "तुमचं काय जातंय म्हणा. तुमच्यात पुरतात. तुम्हाला कुठं शेणी लागणार आहेत?"

कुणीतरी हातातलं पोतं खाली टेकवलं. सुनंदा दारातून आत निघून गेली. लिंगायतांत दहन करत नाहीत, पुरतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते असं तोंडावर काढायची गोष्ट आहे, हे त्या दिवशीपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. पोरांना म्हणाली, "भरा की रे ट्रॉली. ऊन चढाय लागलंय." ट्रॉली भरून हलेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग आत गेली आणि दार लावलं.

स्मशानात पोती उतरवली. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगारानं एक पोतं उसवलं, शेणी काढली, गुडघ्यावर मोडली. पापड मोडावा तसा आवाज आला. त्यानं दुसरी मोडली, मग दुसऱ्या पोत्यातली.

"ह्या कुणी भरल्या, सायेब?" तो म्हणाला. "एक वली न्हाई. देणारी माणसं देत्यात, पर तळातलं-वरलं बघत न्हाईत. असलं कोण निवडून देतंय?"

मी वाकून बघितलं. आम्ही गल्लीतून जमवल्या होत्या त्या पातळ, वेड्यावाकड्या शेणी. ह्यांतल्या निम्म्या जाड, गोल, गव्हाचा भुसा घालून थापलेल्या आणि पाठीवर तीन बोटांचे ठसे. तसल्या शेणी आमच्या गल्लीत एकाच घरी यायच्या. अक्काचा भाऊ दर दिवाळीला तिला माहेराहून पाठवायचा, तिच्या बंबासाठी. म्हणजे आमच्यातल्या ओल्या, बुरसलेल्या शेणी काढून तिनं त्या जागी आपल्या घातल्या होत्या.

म्हातारा अजून माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "मंडळानं भरल्या." मला त्याचं नाव माहीत नाही, पण तो चेहरा अजून समोर येतो.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी तिच्याकडं गेलो. गच्चीचा जिना परसातूनच, न्हाणीच्या मागून होता; तिच्या उंच कठड्यामुळं आमच्या गच्चीवरून तिकडचं काही दिसत नसे. वर आमच्या पातळ शेणी ओळीनं वाळत घातल्या होत्या, एकेक उभी करून, दोन्ही बाजूंनी ऊन लागावं म्हणून. ज्या वाळल्या त्या वेगळ्या रचून वर पोतं झाकलेलं. खाली न्हाणीजवळ बंब होता. त्याच्या जाळाच्या तोंडात तिनं कांदे भरून ठेवले होते. त्यांना कोंब आले होते. दिवाळीनंतर तो बंब पेटलाच नव्हता. झरोक्यातून दिसलेलं ते पांढरं काय होतं, वाफ होती, धुकं होतं की मला हवं ते मी बघितलं, देव जाणे.

अक्का तांदूळ निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुझ्या वडलांच्या वेळंला वल्या निघाल्या म्हणून सांगत हुतास की. मला त्येच डोक्यात हुतं. तुला आधी सांगायला पायजे हुतं, माझंच चुकलं."

मी उभाच होतो. "नाही, तसं काही नाही," एवढंच बोललो आणि निघून आलो. तिचंच चुकलं, हे तिनं म्हटलेलं मी तसंच राहू दिलं.

पुढच्या वर्षी जानेवारीत तिनं न मागता शेड पुन्हा झाडली. पोती ठेवून झाल्यावर मला बोलावलं. शेडला नवीन कडी-कुलूप बसवलेलं होतं. किल्ली माझ्या हातात देत म्हणाली, "तुमच्यापाशी असू द्या, सेक्रेटरी. कुणाला शंका नको." मी किल्ली घेतली. नको म्हणायला हवं होतं, तिथंच ते कुलूप काढून फेकायला हवं होतं, पण मी ती घेऊन खिशात टाकली आणि दर वर्षी घेत राहिलो. त्या होळीपासून तिनं मला एकदाही तम्मा म्हटलं नाही. बाकी सगळे तिचे तम्मा राहिले. सुनंदाशी ती पूर्वीसारखीच होती. आमच्या स्वयंपाकघरात यायची, झाकणं ठेवायची. मी घरात असलो की बाहेरच्या खोलीतून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायची, "बसा, बसा, सेक्रेटरी."

दोन हजारनंतरची गोष्ट. लोडशेडिंग सुरू झालं आणि माझा गीझर सकाळचा नुसता शोभेला राहिला. तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच गच्च्यांवर काळे डबे आले, आमच्याही आले. लोक एकमेकांना त्यातल्या खुब्या सांगत होते. मंडळानं त्यावर एक फलकही लिहिला. त्यावर अक्काचं नाव नव्हतं. फलक मीच लिहिला होता.

मग तिचे गुडघे गेले आणि मुलगी तिला निपाणीला घेऊन गेली. एका हिवाळ्यात कचेरीच्या कामानं मी तिकडं गेलो होतो. बरेच दिवस ठरवत होतो, त्या दिवशी तिच्या घरी गेलो. अक्का अंगणात खाटेवर बसली होती, खूप वाळली होती. मुलीनं चहा टाकला. ती आत आहे असं बघून मी खालच्या आवाजात म्हणालो, "अक्का, त्या होळीला मी फार वाईट बोललो. मी चुकलो."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. रागावली नाही. दर सांगावा तसं सरळ म्हणाली, "चौकात बोललासा आनि माफी अंगणात मागतासा व्हय?"

मी आतल्या दाराकडं बघितलं, मुलगी ऐकत नाही ना म्हणून.

"माझ्या माघारी ती पोरं काय समजत असतील? अक्कानं मढ्याच्या शेणी जाळल्या. त्यास्नी कुणी सांगितलं का, न्हाई म्हणून?"

कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारा कामगार काय बोलला, बंबात कांदे होते, हे मी सुनंदालासुद्धा अर्धवटच सांगितलं होतं. मी म्हणालो, "सांगतो, अक्का. रविवारी मंडळाची बैठक आहे. सगळ्यांसमोर सांगतो."

ती बैठक झाली. माघी गणपतीच्या मंडपाचा विषय लांबला, दोघांची बाचाबाची झाली, चहा आला, आणि मी बोललो नाही. पुढच्या बैठकीत बोलू म्हटलं. पुढच्या बैठकीच्या आधी निपाणीहून फोन आला. आम्ही पोहोचलो तोवर तिला मातीत बसवून झालं होतं. आता त्या सकाळच्या ट्रॉलीजवळची निम्मी पोरं पुण्याला आहेत, मंडळ मोडलंय, चौकात कुणाला गोळा करून सांगावं तर ऐकणाऱ्यांना नीलाक्का कोण हेच माहीत नाही. म्हणून हे लिहितोय. ह्याला चौक म्हणत नाहीत, हे मला कळतं.

पण तिचं शेवटचं दर्शन त्या अंगणातलं आहे. मी उठलो, चपला घातल्या, फाटकापाशी गेलो. ऊन खाटेवरून सरकलं होतं, तिच्या नुसत्या पावलांवर उरलं होतं. मागून तिनं हाक मारली.

"सेक्रेटरी, कुठल्या रविवारी म्हणलासा?"

"ह्याच. परवाच्या."

तिनं मान हलवली. मुलगी दारात आली होती, तिला ती कानडीत काहीतरी म्हणाली. मला त्यातला 'ऐतवार', म्हणजे रविवार, एवढाच शब्द कळला. मुलगी हसून मला म्हणाली, "विचारतीय, आज कुठला वार हाय म्हणून." आणि अक्का खाटेवर बसल्या जागी बोटांच्या पेरांवर दिवस मोजायला लागली.